जुनं कोल्ट विकत घ्यावं की रिव्हॉल्वर घडवून घ्यावं?

अमेरिकेतल्या वाचकांकडून या वेळी संग्राह्य रिव्हॉल्वरविषयी बरीच पत्रं आली. त्यातली पाच आणि कोल्हापूरचं एक इथे उत्तरांसह देत आहोत.

प्रश्न : हल्लीच निवृत्त झालो. एक चांगलं सिंगल ॲक्शन (दर गोळीला घोडा हाताने ओढावा लागतो असं) रिव्हॉल्वर घ्यायचं आहे. एका ओळखीच्या डीलरकडे १९६० च्या सुमाराचं कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मी आहे : .४५ कोल्ट, साडेसात इंची नळी, मूळ पेटी आणि कागदांसह, झाडलेलं नाही असं तो सांगतो. दुसरीकडे मित्र म्हणतो, तेवढ्याच पैशांत जुनं रूगर ब्लॅकहॉक घे आणि गनस्मिथकडून .४४ स्पेशलमध्ये मनासारखं बनवून घे. मी महिन्यातून दोनदा रेंजवर जातो. काय करावं?
— व. जो., स्कॉट्सडेल, ॲरिझोना

महिन्यातून दोनदा झाडणार असाल तर घडवून घ्या. पेटीसकट जपलेल्या, न झाडलेल्या कोल्टच्या किमतीतला मोठा वाटा ते झाडलेलं नाही यासाठीच मोजलेला असतो. काडतुसं भरायचा सिलिंडर एकदा काही वेळा फिरला की त्यावर, त्याला जागेवर अडवणाऱ्या बोल्टची रेघ उमटते, नळीच्या तोंडाशी सिलिंडरचा पुढचा भाग काळवंडतो, आणि ज्याचे पैसे दिले ते पहिल्याच दुपारी निघून जातं. ते कोल्ट घ्यायचंच असेल तर कपाटात ठेवण्यासाठी घ्या आणि रेंजसाठी वेगळं बघा.

सिंगल ॲक्शन आर्मी १८७३ पासून बनतं. पहिली पिढी १९४१ पर्यंत चालली आणि क्रमांक ३,५७,००० च्या पुढे गेले. दुसरी पिढी १९५६ ते १९७४. तिच्या क्रमांकाच्या शेवटी ‘एसए’ असतं आणि शेवटचे आकडे ७३,००० च्या घरातले आहेत. तिसरी पिढी १९७६ पासून. त्यात ‘एसए’ आधी शेवटी, मग सुरुवातीला आणि पुढे आकड्यांच्या मधे आलं. तुमच्या डीलरकडचं दुसऱ्या पिढीतलं आहे. या पिढीला मागणी टिकून आहे, कारण पॉलिश आणि फ्रेमवरचे केस-हार्डनिंगचे (पोलादाचा पृष्ठभाग कडक करताना उमटणारे) रंग चांगले उतरलेले असतात, आणि सिलिंडरच्या मधली बुशिंग (आसाभोवतीची नळी) पहिल्या पिढीसारखीच सुटी निघते. तिसऱ्या पिढीत नळीच्या आट्यांचं माप बदललं (इंचाला २० च्या जागी २४), त्यामुळे जुन्या नळ्या नव्या फ्रेमला सरळ बसत नाहीत. सुटे भाग जमवताना इथे पुष्कळ जण फसतात.

घ्यायचं ठरलं तर पेटीच्या टोकावरच्या चिठ्ठीवरचा क्रमांक आणि फ्रेमवरचा क्रमांक आधी जुळवा. जुळत नसेल तर ती पेटी दुसऱ्या कोल्टची आहे आणि पेटीसाठी सांगितलेले जादा पैसे देऊ नका. मग कोल्टच्या अभिलेखागाराकडून पत्र मागवा. कारखान्यातून ते कोणत्या कॅलिबरमध्ये, किती लांबीच्या नळीचं, कोणत्या फिनिशचं, कधी आणि कोणाकडे रवाना झालं हे त्यात असतं. पत्र बाहेर पडतानाची स्थिती सांगतं. आज तुमच्या हातात आहे ते तसंच राहिलं आहे का, हे तुम्हालाच तपासावं लागतं.

आता घडवून घेण्याची बाजू. मित्राचा सल्ला चांगला आहे, पण ‘जुनं ब्लॅकहॉक’ म्हणजे नेमकं कोणतं, हे ठरल्याशिवाय पैसे टाकू नका. ब्लॅकहॉक १९५५ मध्ये .३५७ मॅग्नममध्ये आलं. १९६२ पर्यंतचं ‘फ्लॅटटॉप’, कारण फ्रेमचा वरचा पट्टा सपाट होता. त्यानंतर १९७२ पर्यंतचं ‘ओल्ड मॉडेल’ : मागच्या साइटच्या (नेम धरायच्या खाचेच्या) दोन्ही बाजूंना कान, फ्रेमच्या बाजूला तीन स्क्रू. १९७३ पासून ‘न्यू मॉडेल’ आलं, त्यात ट्रान्सफर बार (चाप ओढलेला असेल तरच घोड्याचा ठोका पोचवणारी सुरक्षेची पट्टी) असतो. १९७३ पूर्वीच्या .३५७ ची फ्रेम कोल्टच्या मापाची आहे, नंतरची बराच काळ मोठ्या फ्रेमवर बनली. .४४ स्पेशलसाठी लोक जुन्या .३५७ मागे लागतात ते त्या आटोपशीर फ्रेमसाठी, आणि आत पट्टीच्या नाजूक स्प्रिंगांऐवजी तारेच्या गुंडाळी स्प्रिंगा आहेत म्हणून. कोल्टमध्ये हँडवरची (सिलिंडर फिरवणाऱ्या भागावरची) पट्टी स्प्रिंग आणि बोल्टची दुपाखी स्प्रिंग या दोन तुटतात, बहुधा रेंजवरच. कोल्ट झाडणाऱ्याने या दोन्हींची एकेक जोडी बाळगावी.

फ्लॅटटॉप मात्र कापू नका. ती आता स्वतःच संग्राह्य झाली आहेत. १९६३ ते ७२ मधलं, ब्लूइंग (निळा-काळा मुलामा) गेलेलं, मुठीला ओरखडे पडलेलं पण आतून घट्ट असं ओल्ड मॉडेल शोधा. त्यावर काम केल्याचं कोणाला वाईट वाटणार नाही, आणि ते स्वस्तही मिळतं.

दोन्हींतला पैशाचा फरक स्पष्ट समजून घ्या. कस्टम कामाचं बिल मूळ रिव्हॉल्वरच्या किमतीच्या काही पट होऊ शकतं आणि विकताना ते सहसा वसूल होत नाही, कारण मुठीचं माप, साइटची उंची, चापाचं वजन (तो ओढायला लागणारा जोर) हे सगळं तुमच्यासाठी केलेलं असतं. कस्टम रिव्हॉल्वर संग्राह्य ठरतं ते त्यामागचा माणूस आणि कागद दोन्ही पक्के असतील तेव्हा. १९२० च्या दशकात बंदुकांवर लिहिणाऱ्या एल्मर कीथने हॅरल्ड क्रॉफ्ट या दुसऱ्या हौशी माणसाच्या कल्पना घेऊन कोल्टवर करवून घेतलेलं ‘नंबर फाइव्ह’ हे त्याचं ठळक उदाहरण; .४४ स्पेशल, साडेपाच इंची नळी, सपाट माथा आणि कोल्टच्याच बिस्ली मॉडेलच्या मागच्या पट्टीवरून केलेली मूठ. आजही गनस्मिथ त्याच्या नकला करतात. उलट टोकाला शेरीफ पॅट गॅरेटचं कोल्ट बघा. बिली द किड या गुंडावर ज्यातून गोळी झाडली ते अगदी साधं .४४-४० सिंगल ॲक्शन २०२१ च्या लिलावात साठ लाख डॉलरांच्या वर गेलं. दुसऱ्या कोणाच्या हातात असतं तर ते शेकडो जुन्या कोल्टपैकी एक ठरलं असतं.

आणखी एक कायद्याची बाब. पन्नास वर्षांहून जुनं, मूळ स्वरूपातलं शस्त्र ‘क्युरिओ अँड रेलिक’ समजलं जातं. संग्राहकाचा टाइप ०३ परवाना तीन वर्षांसाठी ३० डॉलरला मिळतो आणि त्यावर अशी शस्त्रं दुसऱ्या राज्यातूनही थेट मागवता येतात. राज्याचे नियम पाळावे लागतात आणि नोंदवही ठेवावी लागते. दुसऱ्या पिढीतली सगळी कोल्ट आता या वयात बसतात. पण मूळ स्वरूप बदललं की ही सवलत जाते. ओल्ड मॉडेल रूगर या परवान्यावर घेता येतं; .४४ स्पेशल करून झाल्यावर ते साधं रिव्हॉल्वर होतं.

दोन्ही नको असतील तर मधला मार्ग आहे : तिसऱ्या पिढीतलं, पेटी नसलेलं, झाडलेलं कोल्ट. फक्त .४५ मध्ये चेंबरचा (सिलिंडरमधल्या काडतुसाच्या कप्प्याचा) पुढचा गळा मापून घ्या. तो बरेचदा ०.४५६ इंचाच्या आसपास निघतो आणि नळीचा खोबणीव्यास (आतल्या खोबणींच्या तळापर्यंतचा व्यास) ०.४५१ असतो. शिशाची गोळी त्या गळ्यात सैल राहते, वायू बाजूने निसटतो आणि नळीत शिसं चढतं. मऊ शिशाच्या, ०.४५४ मापाच्या गोळ्यांनी काम बरंच सुधारतं.

प्रश्न : गन शोमध्ये एक ‘१८८० चं सैन्याचं’ कोल्ट पाहिलं. साडेसात इंची नळी, फ्रेमवर यू.एस. ठसा. विक्रेत्याने किंमत बरीच सांगितली. टेबलाशी उभं राहून काय काय तपासता येईल? आणि त्यातून गोळी झाडता येईल का?
— सौ. मे. दे., सॅन अँटोनिओ, टेक्सस

विक्रेत्याची परवानगी घ्या, लोडिंग गेट (काडतूस भरायची झडप) उघडून सहाही चेंबर रिकामे आहेत हे डोळ्यांनी बघा. मग खिशातलं भिंग काढा आणि घाई करू नका.

पहिल्यांदा क्रमांक. पहिल्या पिढीत तो तीन ठिकाणी पूर्ण असतो : फ्रेमच्या खाली, ट्रिगर गार्डच्या (चापाभोवतीच्या कडीच्या) पट्टीवर आणि मुठीच्या तळाशी मागच्या पट्टीवर. या काळातल्या सैन्याच्या नगांवर नळीवर आणि सिलिंडरवरही त्याचे आकडे असतात. सगळे एकच असायला हवेत आणि अंकांची घडणही एकच हवी. एखाद्या पट्टीवर अंकांभोवतीचं पोलाद जरा खोलगट, चकचकीत दिसलं तर तिथे जुना आकडा घासून नवा ठोकला असण्याची शक्यता आहे. अंक खरे असतील तर ठोक्याने कडांना किंचित उंचवटा येतो आणि शंभर वर्षांच्या हाताळणीत तो फ्रेमच्या बाकीच्या भागाइतकाच गुळगुळीत झालेला असतो. नखाने बघा. ताजा ठोका नखाला अडकतो.

मग १८८० ला शोभतील अशा गोष्टी आहेत का ते बघा. फ्रेमच्या डाव्या बाजूला पेटंटच्या तीन तारखा हव्यात : १९ सप्टेंबर १८७१, २ जुलै १८७२ आणि १९ जानेवारी १८७५. दोनच तारखा असतील तर फ्रेम आणखी जुनी आहे. सिलिंडरचा आस धरून ठेवणारा स्क्रू फ्रेमच्या पुढून तिरका गेलेला हवा. आडवी, दाबून सोडायची खिट्टी दिसली तर फ्रेम १८९० च्या दशकातली किंवा त्यानंतरची आहे आणि ‘१८८०’ तिथेच संपलं. इजेक्टरच्या (रिकामी काडतुसं ढकलून काढणाऱ्या) दांड्याचं डोकं साधारण १८८२ पर्यंत गोल, मधे भोक असलेलं होतं. त्यानंतर चंद्रकोरीसारखं झालं. कोरीचं डोकं असेल तर दांडा बदलला आहे. हे एकट्याने वाईट नाही, पण किंमत त्यानुसार उतरली पाहिजे.

सैन्याच्या कोल्टवर निरीक्षकाच्या नावाची आद्याक्षरं असतात. १८८० च्या सुमाराला डेव्हिड क्लार्कची ‘डीएफसी’ सापडतात. त्याआधी ऑरव्हिल एन्सवर्थची ‘ओडब्ल्यूए’. मूठ एकाच लाकडातून केलेल्या अक्रोडाची, तेल दिलेली हवी. तिच्या बाजूंवर निरीक्षकाच्या सहीची मुद्रा आणि साल असतं, पण बहुतेक मुठींवर ते घासून फिकट झालेलं असतं. फ्रेम झिजलेली आणि मुद्रा मात्र कोरी करकरीत असेल तर मूठ नंतर बसवलेली आहे.

१८९५ च्या सुमाराला सैन्याने हजारो कोल्टच्या नळ्या साडेपाच इंचांवर आणल्या, आणि ते करताना भाग एकमेकांत मिसळले. त्या ‘आर्टिलरी’ नगांचे आकडे जुळत नाहीत, ही त्यांची ओळखच आहे. तुमच्या नगाची नळी साडेसात इंची आहे, त्यामुळे इथे ही सबब चालणार नाही. नळीच्या पुढच्या तोंडाशी कडा आत वळलेल्या आहेत का आणि पुढची साइट मधोमध बसलेली आहे का, हेही बघा. आखूड नळी काढून लांब नळी बसवण्याचा प्रकार जुना आहे.

मग फिनिश. जुना रंग ज्या जागी हात लागतो तिथे जातो आणि जिथे लागत नाही तिथे राहतो. लोडिंग गेट उघडून मागचा, झाकला जाणारा भाग बघा : मूळ नगात तिथे निळा-तपकिरी-करडा गजबजता रंग उरलेला असतो आणि बाहेरची फ्रेम राखाडी झालेली असते. दोन्हीकडे सारखेच झगझगीत रंग म्हणजे पुन्हा हार्डनिंग केलेलं. गंजाचे खड्डे निळ्या रंगाने भरलेले दिसले, स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या झाल्या, पेटंटची अक्षरं पुसट आणि कडा गोल, तर कोणीतरी बफ मारून नवा मुलामा दिला आहे. असं कोल्ट घेऊ नका असं नाही, पण त्याला मूळ रंगातल्या कोल्टची किंमत देऊ नका.

इटालियन नकला कोल्टच्या नळीसह खऱ्या म्हणून फिरवल्या जातात. त्यांवर गार्दोने वॅल त्रोम्पियाच्या चाचणीगृहाचे तारा असलेले ठसे आणि छोट्या चौकटीत सालाची दोन अक्षरं असतात. ते घासले असतील तर नेमक्या त्या जागी फ्रेमचा सपाटपणा बिघडलेला दिसतो. म्हणून घासलेल्या जागेचं कारण विचारा.

शेवटी यंत्रणा. घोडा अगदी सावकाश मागे ओढा. चार टिचक्या ऐकू आल्या पाहिजेत : सेफ्टी, हाफ कॉक (घोडा अर्धा मागे), बोल्ट सिलिंडरवर पडल्याची आणि फुल कॉक (घोडा पूर्ण मागे). तिसरी आणि चौथी जवळजवळ एकदमच यायला हवी. बोल्ट लवकर पडत असेल तर खाचेच्या कितीतरी आधीपासून रेघ दिसते. उशिरा पडला तर सिलिंडर खाच ओलांडून पुढे जाऊ शकतो आणि गोळी नळीच्या काठावर आदळते. फुल कॉकवर अंगठ्याने घोड्याला पुढे दाबून बघू नका. त्याची खाच जुनी असते आणि ती तुटली तर तुमच्या हातात तुटते.

झाडायचं म्हणाल तर नाही. कोल्टने बिनधुराच्या दारूची हमी १९०० च्या सुमाराला, साधारण १,९२,००० क्रमांकापासून दिली. त्याआधीच्या फ्रेमचं आणि सिलिंडरचं लोखंड-पोलाद काळ्या दारूच्या दाबासाठी होतं. गनस्मिथने तपासून मान्यता दिली तर काळ्या दारूची काडतुसं चालतात, पण मूळ मुद्रा असलेल्या सैन्याच्या नगात तोही धोका पत्करण्यासारखा नाही.

टेबलावर हे सगळं खरं ठरलं तर कारखान्याचं पत्र आणि सैन्याच्या कोल्टचा वेगळा अभ्यास असलेल्या तज्ज्ञाचा लेखी अभिप्राय, दोन्ही मिळेपर्यंत पैसे परत मिळण्याची अट बिलावर लिहून घ्या. प्रामाणिक डीलर लिहून देतो. १८९८ पर्यंत बनलेली शस्त्रं संघीय कायद्याने ‘अँटिक’ आहेत आणि त्यांना फॉर्म ४४७३ (डीलरकडून शस्त्र घेताना भरायचा फॉर्म) लागत नाही, पण राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत. आणि अँटिक म्हणून विकलेलं कोल्ट १८९८ नंतरचं निघालं तर अडचण तुमची. हे पत्राने आधीच कळतं, फक्त पत्रातली तारीख रवानगीची असते, बनवण्याची नव्हे, हे लक्षात ठेवा.

प्रश्न : ओल्ड मॉडेल .३५७ रूगर घेतलं आहे. .४४ स्पेशल करवून घ्यायचं पक्कं आहे. गनस्मिथला काय काय लिहून द्यायचं, आणि अशा कामात काय बिघडतं?
— नि. स., एडिसन, न्यू जर्सी

काम देण्याआधी तुमचा गनस्मिथ परवानाधारक आहे आणि त्याने सिंगल ॲक्शनचं .४४ स्पेशल काम पूर्वी केलं आहे, याची खात्री करा. सिलिंडरचे चेंबर मोठे करणं हे सोपं वाटणारं पण चुकलं तर परत न येणारं काम आहे. मूळ सिलिंडरच रीम करायचा (आतून कापून मोठा करायचा) की नवा बनवायचा, हे तो तुमचा नग मापून ठरवेल. नवा करणार असेल तर विचारा, चेंबर नळीच्या रेषेत, बोल्ट जागेवर बसवून कापणार का? तसं केलं तर प्रत्येक चेंबर नळीशी सरळ येतो.

लिहून द्यायची मापं. नळीचा खोबणीव्यास ०.४२९ इंच असेल तर चेंबरचे गळे ०.४३० ते ०.४३०५, सहाही सारखे, आणि पिन गेजने मापून दिलेले. गळा नळीपेक्षा लहान असेल तर गोळी आधी आवळली जाते आणि नळीत सैल जाते. अचूकता जाते आणि शिसं चढतं. सिलिंडर आणि नळी यांतली फट ०.००४ ते ०.००६. ०.००३ च्या खाली काजळी आणि उष्णतेने सिलिंडर घासू लागतो, ०.००८ च्या वर वेग कमी होतो आणि बाजूने जास्त फुंकर निघते. सिलिंडरचा पुढेमागे खेळ ०.००२ च्या आत. फोर्सिंग कोन (नळीचं मागचं निमुळतं तोंड) ११ अंशाचा. चापाचं वजन तीन पौंड पुरे. अडीचच्या खाली जायचा हट्ट धरू नका. घोड्याच्या खाचेचा कडक पापुद्रा घासून गेला की खाली मऊ पोलाद येतं आणि आज हलका वाटणारा चाप दोन वर्षांनी धोक्याचा होतो.

जिथे बहुतेकांचं लक्ष जात नाही ती जागा म्हणजे नळी फ्रेममध्ये शिरते तिथल्या आट्या. नळी घट्ट पिळली की त्या जागी आतला व्यास किंचित आवळतो. गोळी गळ्यातून बरोबर मापाने निघते, या आवळीत लहान होते आणि पुढे उरलेल्या नळीत सैल धावते. गळे बरोबर, नळी बरोबर, तरी लक्ष्यावर गोळ्यांचा गट पसरतो, असं झालं तर बहुतेक वेळा कारण हेच निघतं. काम संपल्यावर नळीत मऊ शिशाची गोळी सावकाश ढकलून बघायला सांगा. फ्रेमजवळ अडली आणि पुढे सैल झाली तर लॅप करून (आतून बारीक घासून) आवळ काढावी लागेल.

पुढची साइट मुद्दाम उंच ठेवायला सांगा. उंच साइटने गोळी खाली लागते; तुमच्या नेहमीच्या काडतुसांनी २५ यार्डांवर झाडून मग थोडं थोडं कानशीने उतरवलं की गोळी वर येते. आधीच कमी केलेली साइट वाढवता येत नाही. साइट मऊ डाखाने लावलेली असेल तर गरम क्षारांच्या ब्लूइंगमध्ये तो जोड खाल्ला जातो, म्हणून चांदीचा डाख किंवा खाचेत बसवलेली साइट मागा.

मुठीची फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची आहे. जागेवर पोलादी घातली की वजन आणि समतोल दोन्ही सुधारतात आणि तिच्यावर ब्लूइंगही घेता येतं. १९६२ पर्यंतची ‘एक्सआर३’ कोल्टच्या मापाची होती. १९६३ पासूनच्या ‘एक्सआर३-रेड’मध्ये गार्डमागे बोटांना जास्त जागा आहे. मोठा पंजा असेल तर दुसरी. सिलिंडरचा आस जाड, चपखल बसणारा घ्या; जुना सैल आस धक्क्याने पुढे सरकतो.

रंगाबद्दल एक इशारा. कोल्टसारखे केस-हार्डनिंगचे रंग सुंदर दिसतात, पण रूगरची फ्रेम क्रोम-मॉली पोलादाची, ओतीव आणि उष्णतेने कडक केलेली आहे. हाडांच्या कोळशात तापवताना तो कडकपणा बदलतो. या फ्रेमवर हे काम नेहमी करणारा कारागीर असेल तरच करा, नाहीतर साधं ब्लूइंग घ्या. आणि पॉलिश करणाऱ्याला लेखी सांगा की क्रमांकावर बफ चालवू नये. क्रमांक पुसला गेलेलं शस्त्र बाळगणं हाच संघीय गुन्हा आहे.

जुनी नळी, सिलिंडर आणि मुठीची फ्रेम पिशवीत घालून परत मागा. नव्या नळीवर .४४ स्पेशल कोरलंच पाहिजे. पुढच्या मालकाने चुकीचं काडतूस घालू नये म्हणून. करारावर मूळ क्रमांक, कामाची यादी, आगाऊ रक्कम आणि मुदत लिहा. चांगल्या गनस्मिथकडे रांग बहुधा महिन्यांची नव्हे, वर्षाची असते. मोठ्या कुरिअर कंपन्या खासगी माणसाकडून हँडगन घेत नाहीत, म्हणून एडिसनजवळच्या डीलरमार्फत पाठवा आणि त्याच्याकडेच परत मागवा.

तुमच्या नगात आधीच रूगरचं ट्रान्सफर बार कन्व्हर्जन झालं आहे का, हेही बघा. कारखाना ते मोफत करून देतो आणि जुने भाग परत पाठवतो. ते मिळाले तर जपा. कन्व्हर्जन नसेल तर सहापैकी पाचच काडतुसं भरायची आणि घोडा रिकाम्या चेंबरवर : एक भरा, एक सोडा, चार भरा, घोडा पूर्ण ओढून खाली उतरवा.

प्रश्न : कोल्टचं पायथन रिव्हॉल्वर घ्यायचं आहे. जुनं की नवं?
— प्र. का., अटलांटा

झाडायला नवं. कोल्टने १९५५ ते २००५ जुनं पायथन बनवलं आणि २०२० मध्ये नव्या रचनेचं आणलं. आत भाग कमी, मागची साइट आणि फ्रेम जास्त भक्कम. जुन्याचं निळं पॉलिश तसं आता होत नाही, पण यंत्रणा हाताने जुळवलेली आहे, झिजली की टायमिंग (सिलिंडर वेळेवर जागेवर बसणं) जातं आणि ती जुळवणारे हात कमी राहिले आहेत. जुनं घेत असाल तर घोडा अंगठ्याने फार सावकाश ओढा. घोडा पूर्ण मागे जाण्याआधी प्रत्येक चेंबर कुलूपबंद झाला पाहिजे. एकही चेंबर मागे राहिला तर किमतीतून दुरुस्ती वजा करा. जुन्या निळ्या पायथनला निकेल चढवणं किंवा नळी छोटी करणं हे मात्र कधी करू नका.

प्रश्न : मी एच-१बी वर आहे. मित्र म्हणतो संग्रहासाठी शस्त्र ठेवलेलं चालतं. खरं का?
— नाव प्रसिद्ध करू नये, ऑस्टिन

नाही. एच-१बी, एल-१, एफ-१ यांसारख्या बिगरस्थलांतरित व्हिसावर असलेल्या माणसाला संघीय कायद्याने शस्त्र आणि काडतुसं दोन्ही बाळगायला मनाई आहे. वैध शिकारीच्या परवान्यासारखे थोडेच अपवाद आहेत. त्यांवर विसंबण्याआधी वकिलाचा लेखी सल्ला घ्या. ‘बाळगणं’ यात रेंजवर भाड्याचं पिस्तूल हातात घेणंही येतं. शिक्षा १५ वर्षांपर्यंत आहे आणि देशाबाहेर काढलं जाण्याचं ते कारण होऊ शकतं. ग्रीन कार्ड मिळाल्यावर घेता येतं. घरात एकाचं ग्रीन कार्ड आणि दुसऱ्याचा एच-१बी असेल तर तिजोरीचा आकडा फक्त ग्रीन कार्डवाल्याकडेच राहू द्या. १८९८ पर्यंत बनलेलं खरं अँटिक या मनाईत येत नाही, पण ते ठरवण्याची जबाबदारी तुमच्यावर आहे, आणि त्याची काडतुसं तरीही घेऊ नका.

प्रश्न : आजोबांचं .३२ चं वेब्ली अँड स्कॉट आहे, परवाना त्यांच्या नावावर होता. ते गेले. ते पॉलिश करून, नवी मूठ लावून घ्यायचं आहे. स्थानिक कारागीर तयार आहे.
— अ. पा., कोल्हापूर

आधी कारागिराला थांबवा. परवानाधारक गेल्यावर ते शस्त्र घरात राहू शकत नाही. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम २१ प्रमाणे ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या, त्यावर क्रमांक आणि बोअर (नळीचं माप) नीट लिहिलं आहे का बघा. मग वारस म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे, किंवा आयुक्तालय असेल तिथे पोलीस आयुक्तांकडे, परवान्याचा अर्ज करा. मृत्यूचा दाखला, जुना परवाना आणि इतर वारसांचं ना हरकत पत्र जोडा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि वारशाने आलेलंही त्यात मोजलं जातं, हे अर्ज करण्याआधी घरात बोलून घ्या. भारतात कस्टम रिव्हॉल्वर घडवून घेण्याचा मार्ग खासगी माणसाला खुला नाही, आणि दुरुस्तीही परवानाधारकाकडेच करून घ्यावी लागते. तुमचा कारागीर तसा नसेल तर दोघंही अडचणीत याल.

परवाना मिळाला तरी पॉलिश करू नका. नळीवर किंवा वरच्या पट्टीवर कलकत्त्याच्या मॅन्टनचं किंवा मुंबईच्या आर्मी अँड नेव्ही स्टोअरचं नाव असू शकतं. तीच त्या नगाची ओळख असते आणि बफने पहिल्यांदा जाते ती हीच अक्षरं. लाकडी मूठ चिरली असेल तर ती जपून ठेवा आणि वापरायला दुसरी लावा. गंज असेल तर हलक्या तेलात भिजवलेली तांब्याच्या तारेची बारीक लोकर फिरवा, पोलादी नको, आणि झाल्यावर तेलाचा पातळ हात द्या. चामड्याच्या म्यानात ठेवून देऊ नका. चामडं ओल धरतं आणि पावसाळ्यात म्यानाच्या शिवणीखालीच गंज धरतो.